भगदाड बुजवायचं की हिरा उचलायचा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. एप्रिल उजाडला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टवरून (टीम्स फेरी-फेरीने, आपापल्या नंबरावर नवे खेळाडू निवडतात तो) आमच्याकडे बापलेकांची जुंपते. ह्यांचं म्हणणं, टीममध्ये जी जागा लंगडी आहे तिथलाच खेळाडू घ्यावा. मुलगा म्हणतो, यादीत जो सगळ्यांत सरस उरलाय तो उचलावा, जागेचं मागाहून बघू. २०१८ साली न्यूयॉर्क जायंट्स टीमने सेकॉन बार्कलीला घेतलं, ते भांडण तर अजून चालूच आहे. कोणाचं खरं?
– एक वैतागलेली आई

उत्तर : ताई, मी तुमच्या मुलाच्या बाजूने. सोळा आणे नाही, बारा आणे.

एप्रिलअखेर जे भगदाड दिसतं ते गेल्या सीझनचं. पहिल्या फेरीतल्या पोराशी करार होतो चार वर्षांचा, वर पाचव्याची मुभा टीमला. तोवर कोणाचा गुडघा जातो, कोणी जादा पैशांसाठी दुसरीकडे जातो, कोचही बदलतो. आजची नड भागवायला मार्चमधली फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, आहे की! तिथे तयार गडी मिळतात.

१९९६ चं बघा. क्लीव्हलँडहून बाल्टिमोरला आलेल्या रेव्हन्स टीमचा पहिलाच ड्राफ्ट, निवडीत चौथा नंबर. मालक आर्ट मोडेल यांना रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) लॉरेन्स फिलिप्स हवा होता, आणि टीमला त्या जागेची गरजही होती. खेळाडू निवडणाऱ्या ओझी न्यूसम यांच्या यादीत मात्र वर होता जोनाथन ऑग्डन, लेफ्ट टॅकल, म्हणजे डाव्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याला) सांभाळणारा. त्या जागेवर टोनी जोन्स आधीच उभा! तरी न्यूसमनी ऑग्डनच घेतला. पहिलं वर्ष त्याला शेजारी गार्ड म्हणून खेळवला, मग जोन्स डेन्व्हरला गेला आणि ऑग्डनने ती जागा २००७ च्या सीझनपर्यंत सोडली नाही. पुढे हॉल ऑफ फेम. फिलिप्स सहाव्या नंबरवर रॅम्सकडे गेला; दुसऱ्याच सीझनमध्ये त्यांनी त्याला नारळ दिला.

उरलेले चार आणे तुमच्या ह्यांचे. डेट्रॉइट लायन्सनी २००३, २००४ आणि २००५, लागोपाठ तीन वर्षं पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) घेतले, टीमची गरज न बघता. तिसऱ्या वर्षी दहाव्या नंबरवर माइक विल्यम्स. अकराव्यावर डॅलसने पुढे गाजलेला बचावपटू डिमार्कस वेअर नेला. दोघांत उन्नीस-बीसचा फरक असेल तर गरजेकडे बघावं, एवढं मलाही मान्य.

आता बार्कली, तोही रनिंग बॅक. खेळाडू अव्वल, वाद नाही. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. टीम ५ जिंकली, ११ हरली. माझ्या मते जायंट्सचं गरज-गुणवत्तेचं गणित चुकलं नाही, जागेचा भाव चुकला. रनिंग बॅक लवकर झिजतो, आणि बाजारात क्वार्टरबॅक किंवा टॅकलपेक्षा स्वस्तात मिळतो. दुसऱ्या नंबरची निवड त्यावर खर्चायची, तीही ३७ वर्षांचा ईलाय मॅनिंग क्वार्टरबॅक असताना? २०२४ ला बार्कली फिलाडेल्फियाला गेला, २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकला. एडिसनच्या घरात ही जखम मी उकरायला नको.

त्याच २०१८ च्या पहिल्या फेरीत ३२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या नंबरवर क्वार्टरबॅक लमार जॅक्सन गेला. घेणारे पुन्हा रेव्हन्स, तेही क्वार्टरबॅक जो फ्लॅको टीममध्ये असताना. हे ह्यांना सांगा, पण जेवणं झाल्यावर.