ईआरपी सॉफ्टवेअर घेतलं, प्लॅनर ठेवला, तरी आमचा प्रॉडक्शन प्लॅन दर आठवड्याला का फसतो? वर्कर खरं सांगत नाहीत म्हणून?

‘खरं सांगत नाहीत’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी नऊ वर्षं पीपीसीत, म्हणजे प्रॉडक्शनचं प्लॅनिंग करणाऱ्या खात्यात, होतो. सिस्टीममध्ये २५० टनी प्रेसचा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला दीड तास धरलेला. त्यामुळे बॅच मोठ्या घ्यायच्या. एक पार्ट तीन आठवड्यांचा पडून राहायचा, दुसऱ्यासाठी कस्टमरचे फोन. एकदा थर्ड शिफ्टला थांबलो. डाय बसवणाऱ्या सेटर अण्णांनी पुढचा डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवला होता. क्लॅम्पचे बोल्ट एकाच मापाचे, डायखाली ठेवायच्या पॅरलल ठोकळ्यांवर खडूने नंबर टाकलेले. पहिला पार्ट ओके व्हायला ३८ मिनिटं लागली. हात पुसत ते म्हणाले, “साहेब, तुम्ही बघितलंत तेवढं पुरे. कागदावर नको.”

मी कागदावर घातलं.

पंधरा दिवसांत वरून नवा नॉर्म (ठरवून दिलेला वेळ) आला: ३५ मिनिटं, सगळ्या डायना. दिवसपाळीला क्रेन एक आणि प्रेस चार, हे कुणी बघितलं नाही. ओव्हरटाइम बंद झाला, अण्णांना उशिराबद्दल मेमो मिळाला. ते माझ्याशी बोलायचे थांबले. महिन्याभरात डाय पुन्हा दीड तासावर गेला, आता फक्त शेऱ्यात ‘क्रेन मिळाली नाही’ असं लिहून.

खरं सांगणाऱ्याचं काय होतं हे सगळा शॉप बघत असतो. मग सेल्सवाला तारीख चार दिवस अलीकडची सांगतो, स्टोअरवाला दोन बिन मागे दडवतो. मीही प्रत्येक ऑर्डरला एक दिवस चढवूनच धरायचो. अशा आकड्यांवर कुठलंही सॉफ्टवेअर काय करणार?

आमचे प्लँट हेड दर मीटिंगला जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंचा दाखला द्यायचे: टोयोटात १००० टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून तीन मिनिटांवर आलं. शिंगोंनी तसं लिहिलंय, मान्य. पण त्याच टोयोटात १९५० साली कामगारकपातीवरून मोठा संघर्ष झाला आणि कीइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावं लागलं. १९६२ मध्ये कंपनी आणि युनियनने परस्परविश्वासाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तीन मिनिटं त्यानंतरची आहेत. हे मी भर मीटिंगमध्ये बोललो तेव्हा ‘आपल्याला प्रॉडक्शन काढायचंय, इतिहास नाही’ असं ऐकावं लागलं. मी आजही म्हणतो, बरोबर मी होतो.

तुम्ही एवढं करा. वाचलेल्या वेळेमुळे कुणाचा ओव्हरटाइम किंवा नॉर्म कापणार नाही, हे लेखी द्या. प्लॅनरला आठवड्यातून एक रात्र शॉपवर पाठवा. पुढच्या तीन दिवसांचा प्लॅन गोठवा, मग मालकाचा फोन आला तरी हलवायचा नाही.

हां, तुमच्याकडे पत्र्याची कॉइलच वेळेवर येत नसेल किंवा बीओएमच (कुठल्या पार्टला काय माल लागतो त्याची यादी) चुकीचा असेल, तर आधी ते निस्तरा. आणि गणपती-दिवाळीला गावी जाणारी माणसं ‘गैरहजर’ धरू नका. त्या तारखा कॅलेंडरमध्ये वर्षभर आधी असतात.