सायकल-सल्ला : नव्या शहरात पळवणारा ग्रुप कसा गाठायचा?

प्रश्न : नोकरीसाठी नागपूरहून पुण्यात, वाकडला आलो आहे. नागपुरात रविवारी वर्धा रोडवर सहा-सात जण मिळून सपाटीला ताशी 33-34 किलोमीटरचा वेग आरामात धरायचो. इथे दोन व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलो, पण तिथे फोटो आणि मिसळीचेच बेत जास्त. खरोखर जोरात चालवणारे लोक कुठे भेटतील?

असे लोक सहसा जाहिरात करत नाहीत, आणि त्याला कारण आहे. 35 च्या वेगात एका अनोळखी माणसाने उगाच ब्रेक दाबला तर मागचे सहा जण डांबरावर येतात. त्यामुळे खुल्या ग्रुपमध्ये जी राइड जाहीर होते ती बहुतेक वेळा सर्वांना झेपेल अशी असते. जोरातली राइड चार-आठ जणांच्या वेगळ्या ग्रुपमध्ये ठरते. म्हणून माणसं शोधण्याआधी रस्ता शोधा.

वाकडवरून तुम्हाला सोयीचा रस्ता म्हणजे जुना मुंबई-पुणे हायवे. निगडीपासून देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत करत लोणावळ्यापर्यंत साधारण 40 किलोमीटर. मोठे चढ नाहीत, त्यामुळे एकामागे एक लागून चालवायला हाच उत्तम. (एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, हे नव्या माणसाने पक्कं लक्षात ठेवावं, काही ठिकाणी नकाशावर दोन्ही रस्ते शेजारी दिसतात.) दुसरा पर्याय चांदणी चौक-पिरंगुट-पौड-मुळशी, पण तो सतत वर-खाली. सिंहगड, जुना कात्रज घाट, बोपदेवने चढून सासवडमार्गे दिवे घाटाने उतरायचा फेरा, हे सगळं दक्षिणेकडच्यांचं. वाकडवरून तिकडे पहाटे पोचणं सोपं आहे, साडेनऊला शहरातून परत येणं नाही. दर आठवड्याला ते जमणार नाही आणि महिनाभरात तुम्ही जाणं बंद कराल. जवळचा रस्ता धरा.

आता स्ट्राव्हावर (राइडची नोंद ठेवणारं ॲप) त्या रस्त्याचे सेगमेंट, म्हणजे वेळ मोजले जाणारे ठरावीक तुकडे, उघडा. आठ-दहा किलोमीटरचा सपाट सेगमेंट निवडा. एक किलोमीटरचा नको, तिथे वाऱ्याने मारलेले विक्रम दिसतात. पहिल्या दहा जणांच्या राइड एकेक करून पाहा : वार कोणता, निघाले किती वाजता, सोबत कोण होतं. एकच तीन-चार नावं वेगवेगळ्या रविवारी एकत्र दिसली की तुमचा ग्रुप सापडला. बरेच जण घराजवळचा भाग लपवतात, त्यामुळे सुरुवातीचं टोक पाहून उपयोग नाही. कुठे थांबतात ते पाहा. पहिले दहा-बारा किलोमीटर 22-24 ने, मग एका चौकात पाच-दहा मिनिटांचा थांबा, आणि तिथून एकदम 34. तो चौक म्हणजे भेटायची जागा. पुढच्या रविवारी तिथे दहा मिनिटं आधी उभे राहा. न विचारता मागे लागू नका. सरळ जाऊन सांगा की नवीन आलो आहे, मागे राहून चालवलं तर चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात.

दुसरी वाट सायकलच्या दुकानातून जाते. मालकाला विचारलंत तर तो त्याच्याच दुकानाची रविवारची राइड सांगेल. मेकॅनिकला विचारा. दर तीन-चार महिन्यांनी कोणाची चेन झिजते, शनिवारी संध्याकाळी कोण ट्यूबलेसचं सीलंट भरायला येतं, हे त्याला पाठ असतं. रोडबाइकची चेन साधारण तीन ते पाच हजार किलोमीटर टिकते, म्हणजे हे गिऱ्हाईक महिन्याला हजारभर चालवणारं आहे. हीच तुमची माणसं.

तिसरी वाट बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची. त्यांचं काम पाहणाऱ्या ऑडॅक्स इंडियाच्या कॅलेंडरवर पुण्याची 200 किलोमीटरची बीआरएम शोधा. मुदत साडेतेरा तासांची, शर्यत नाही, क्रमांक लागत नाहीत. पण त्यातही आठ-नऊ तासांत परत येणारा एक घोळका असतो. पहिल्या 50 किलोमीटरमध्ये तो ओळखू येतो, आणि पुढचे चार तास त्यांच्यासोबत काढलेत की वेगळी ओळखपाळख लागत नाही.

ग्रुपमध्ये विचारताना मोघम विचारू नका. ‘मी चांगला चालवतो’ याचा अर्थ कोणालाच कळत नाही. लिहा : रोडबाइक आहे, एकट्याने सपाटीला 20 किलोमीटर 42 मिनिटांत करतो, वाकडवरून येतो, पेसलाइनमध्ये (एकामागे एक रांगेत, आळीपाळीने पुढे येत) चालवायची सवय आहे. आणि दोन गोष्टी विचारा. मागे पडलेल्यासाठी थांबतात का? आणि सांगितलेला वेग पूर्ण राइडचा की मधल्या पट्ट्याचा?

हा दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण फसगत तिथेच होते. समजा 60 किलोमीटरची राइड आहे. जाता-येता शहरातले 20 किलोमीटर 22 च्या वेगाने गेले, म्हणजे सुमारे 55 मिनिटं. मधले 40 किलोमीटर 35 ने गेले, म्हणजे सुमारे 69 मिनिटं. एकूण सरासरी निघते 29. ‘29 ची राइड आहे’ असं ऐकून आलेला माणूस मधल्या पट्ट्याच्या पाचव्या मिनिटाला मागे पडतो आणि त्याला वाटतं आपल्याला खोटं सांगितलं. खोटं कोणीच सांगितलेलं नसतं. एकट्याने सपाटीला 28-29 टिकवता येत असेल तर मागे लागून 33-34 चा ग्रुप निभावतो, कारण मागच्याचे कष्ट पाव ते एक तृतीयांश कमी होतात. 35 च्या वर मात्र स्वतःचं बळ लागतं.

आणि नागपूरचा हिशेब इथल्या चढाला लावू नका. सिंहगडचा चढ सुमारे नऊ किलोमीटरचा, सरासरी सात टक्क्यांच्या आसपास. तिथे वेग 12-13 वर येतो, पुढच्याच्या आडोशाचा फायदा जवळजवळ संपतो आणि प्रत्येकजण आपापल्या वजनाशी झगडतो. सपाटीला तुमच्यामागे धापा टाकणारा 58 किलोचा मुलगा तिथे तुम्हाला दहा मिनिटांनी हरवेल. त्यामुळे घाटाच्या राइडला वेग पाहून घाबरू नका, वर सगळे थांबतातच. ओळख करून घ्यायला घाटाची राइड उलट सोपी. मागे पडलात तरी कोणाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : मी कोथरूडची. एका ग्रुपमध्ये दोन महिने जाते आहे. सलग रस्त्यावर काही त्रास नाही, पण स्पीडब्रेकर किंवा यू-टर्न आला की दर वेळी सुटते. ताकद कमी पडते का?

ताकद नाही, तुमची रांगेतली जागा चुकते. नीट पाहा, तुम्ही शेवटून पहिल्या किंवा दुसऱ्या असणार.

रांगेत एका सायकलला मधल्या अंतरासह सव्वादोन मीटरच्या आसपास जागा लागते. आठवा माणूस पहिल्याच्या मागे 16-17 मीटरवर असतो. स्पीडब्रेकरवर सगळे 15 च्या वेगाला येतात, म्हणजे सेकंदाला चारेक मीटर. पहिला पलीकडे उतरून पेडल मारायला लागतो तेव्हा आठव्याला तिथे पोचायला अजून चार सेकंद असतात. त्या चार सेकंदांत पुढे वेग 25 झालेला असतो. हे अंतर भरून काढायला तुम्हाला ग्रुपच्या वेगापेक्षा जास्त जोर लावावा लागतो, तोही आडोसा नसताना. असं 12 वेळा झालं की तेराव्याला पाय संपतात. पुढच्यांना यातलं काही जाणवतही नाही; त्यांच्या मते वेग सारखाच होता.

म्हणून तिसऱ्या ते पाचव्या जागेवर राहा. अडथळ्याच्या शंभरेक मीटर आधी दोन गिअर हलके करा, म्हणजे पलीकडे उतरल्यावर पाय लगेच फिरतील. जड गिअरमध्ये उभं राहून ओढणं हे सुटण्याचं दुसरं कारण. पुढच्याच्या चाकाकडे टक लावू नका, त्याच्या खांद्यावरून दोन-तीन माणसं पुढे पाहा. पुढच्याने ब्रेक लावल्यावर तुम्ही लावलात तर उशीर झालेला असतो.

पुलला, म्हणजे सर्वांत पुढे राहून रांग ओढायला, जायची पाळी आली की वेग वाढवायचा नाही. नव्या माणसाची ही ठरलेली खोड : 33 ने चाललेल्या रांगेला दोन मिनिटं 37 ने ओढायचं आणि मग मागे जाताना शेवटचं चाकही पकडता न येणं. मीटर पाहून तोच वेग ठेवा, 30-40 सेकंदांत बाजूला व्हा आणि बाजूला झाल्यावर वेग दोनच किलोमीटरने कमी करा. बाजूला व्हायचं डावीकडे की उजवीकडे, हे निघण्याआधी विचारून घ्या. ग्रुपागणिक पद्धत बदलते आणि हायवेवर उजवीकडून ट्रक असतात.

चाकाला चाक समांतर होऊ देऊ नका. पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला गेलं आणि तो खड्डा चुकवायला वळला की पडतो तो मागचा. सुरुवातीला अर्धा मीटर अंतर पुरे. आणि पेडलवर उभं राहताना सायकल जराशी मागे सरकते. आधी एक पेडल जोरात मारून मग उठा, नाहीतर मागचा शिव्या घालेल, आणि बरोबरच घालेल.

प्रश्न : अशा राइडला सोबत काय ठेवावं? माझ्याकडे हायब्रिड आहे, चालेल का?

दोन ट्यूब, दोन टायर-लिव्हर, छोटा पंप. 16 ग्रॅमचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतूस असेल तर 25-28 मिलिमीटरचा टायर एकाच दमात भरतो, पण पंप हवाच. काडतूस वाया जाऊ शकतं. प्रेस्टा (रोडबाइकच्या ट्यूबचा बारीक) व्हॉल्व्हसाठी छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, नाहीतर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर समोर असून उपयोग नाही. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार काढा. न काढता नवी ट्यूब घातलीत की दोन किलोमीटरवर तीही जाते, आणि ग्रुप दुसऱ्यांदा थांबतोच असं नाही.

मागचा दिवा ग्रुपमध्ये स्थिर ठेवा, लुकलुकता नको. मागच्याच्या डोळ्यांना तो अर्धा तास सहन होत नाही. दोन तासांच्या वर जाणार असाल तर तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एक केळं आणि दोन-तीन चिक्क्या म्हणजे तेवढं होतं. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, पहिल्या 40 मिनिटांतच सुरुवात करा.

हायब्रिड 30 पर्यंत चालते, त्यापुढे सरळ हँडलमुळे छाती वारा अडवते. 38-40 चे टायर काढून रिमला बसतील असे 32 चे गुळगुळीत टायर घाला, फरक पहिल्याच दिवशी कळेल. ट्रायथलॉनचे एरोबार (झुकून कोपरं टेकवायचे पुढचे दांडे) लावलेली सायकल मात्र रांगेत आणू नका. हात ब्रेकपासून लांब असतात, कोणीही मागे उभं करणार नाही.

प्रश्न : मुलगा सप्टेंबरात लंडनला शिकायला जातोय, रोडबाइक नेणार आहे. तिथे असे ग्रुप कसे शोधायचे?

तिथे पद्धत क्लबची आहे. शनिवार-रविवारची ‘क्लब रन’ म्हणजे मधे कॅफेत थांबणारी, वेगानुसार गट पाडलेली राइड. आणि आठवड्याच्या मधल्या संध्याकाळची ‘चेनगँग’ म्हणजे न थांबता फिरती पेसलाइन. तुमच्या मुलाला दुसरी हवी असेल, पण प्रवेश पहिलीतूनच मिळतो. बऱ्याच क्लबांमध्ये सभासद होण्याआधी एक-दोन राइड करून पाहता येतात. वेग मैलांत सांगतात : 18 म्हणजे आपले 29, 20 म्हणजे 32. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, तेवढी सवय कमी लागेल.

शहरातल्या शहरात सरावाला रिचमंड पार्कचा साधारण 11 किलोमीटरचा फेरा आणि रीजंट्स पार्कचा बाहेरचा फेरा आहे. भल्या पहाटे तिथे फेऱ्या मारणारे बहुतेक कुठल्या ना कुठल्या क्लबचे असतात, जर्सीवर नाव वाचता येतं. रिचमंड पार्कमध्ये हरणं रस्त्यावर येतात, उतारावर ब्रेकवर बोट हवं.

ऑक्टोबरपासून रस्ते ओले. अनेक क्लब हिवाळ्यात मागच्या चाकाला मडगार्ड असल्याशिवाय मध्यभागी चालवू देत नाहीत, कारण चाकाचं पाणी थेट मागच्याच्या तोंडावर जातं. शर्यतीच्या फ्रेमला मडगार्डचे आटे नसतात. चिकटवायचे किंवा पट्टीने बांधायचे मिळतात, ते इथूनच नेण्याची गरज नाही. ब्रिटिश सायकलिंगचं सभासदत्व घ्यावं, त्याच्या काही प्रकारांत आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा असतो आणि काही क्लब तो मागतात. सीओटू काडतुसं सामानात टाकू नका, विमानतळावर अडवू शकतात. पंप चालतो.