तो रॅकेटबॉल की ते रॅकेटबॉल?

एका वाचकाने विचारलं आहे: अमेरिकेत शिकणारा भाचा फोनवर 'रॅकेटबॉल खेळून आलो' म्हणतो. हा स्क्वॉशच का? इंग्रजीत या शब्दाची दोन स्पेलिंगं दिसतात, त्यातलं बरोबर कोणतं? आणि मराठीत लिंग कुठलं?

लिंगाचं आधी उरकून घेऊ. खेळायची रॅकेट ती. पोलीस उघडकीस आणतात ते रॅकेट नपुंसकलिंगी. पण शेवटी 'बॉल' आला की आपण डोळे मिटून पुल्लिंग लावतो. क्रिकेट सुरू झालं, टेनिस रंगलं, पण फुटबॉल सुरू झाला. तेव्हा तो रॅकेटबॉल.

स्पेलिंगं दोन्ही बरोबर, कारण खेळच दोन आहेत. देवनागरीत दोन्ही सारखेच उतरतात, म्हणून घोटाळा.

भाच्याचा रॅकेटबॉल 'क्यू'वाला (racquetball), अमेरिकी. १९५० च्या सुमारास कनेटिकटमधल्या ग्रिनिच इथे, वायएमसीएमध्ये, जो सोबेक यांनी तो बसवला. चेंडू हाताने भिंतीवर मारायच्या हँडबॉलची बंदिस्त कोर्टं तिथे आयती होती. सोबेक यांनी आखूड दांड्याचं, गटिंग केलेलं पॅडल आणलं आणि खेळाला नाव दिलं 'पॅडल रॅकेट्स'. 'रॅकेटबॉल' हे नाव सुचवलं बॉब मॅकइनर्नी या टेनिसपटूने. १९६९ मध्ये रॉबर्ट केंडलर यांनी संघटना काढली तेव्हा ते पक्कं झालं. त्या संघटनेच्या नावात पहिल्या दिवसापासून 'आंतरराष्ट्रीय' होतं, खेळ मात्र जवळपास सगळा अमेरिकेतच. थाट असावा तर असा!

सत्तरच्या दशकात या खेळाची तिथे लाट आली. जुनी कोर्टं होतीच, नवे क्लब निघाले, आणि नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी चेंडू परतवता येई. ऐंशीच्या दशकात लाट ओसरली. माझ्या मते खरं कारण जागेच्या हिशोबात आहे. कोर्ट ४० फूट लांब, २० फूट रुंद. म्हणजे ८०० चौरस फूट जागा अडवून खेळणार दोघं, फार तर चौघं. तेवढ्याच जागेत एरोबिक्सचा अख्खा वर्ग भरतो किंवा व्यायामाची यंत्रं मावतात. क्लबवाल्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. त्यात रॅकेटी मोठ्या झाल्या, फटके जोरकस झाले, रॅल्या आखूड झाल्या, आणि टीव्हीवर तो चेंडू धड दिसेना.

बाहेर मात्र खेळ पसरला. पहिली जागतिक स्पर्धा १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे झाली, १९९५ मध्ये पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धांत प्रवेश मिळाला. मेक्सिकोच्या पाओला लोंगोरियाने २०११ आणि २०१५ मध्ये तिथे एकेरीचं सुवर्ण घेतलं. बोलिव्हियातही तगडे खेळाडू आहेत. स्पॅनिशने शब्दही आपल्या वळणाने 'राकेतबोल' करून घेतला. ऑलिंपिकचं दार मात्र उघडलं नाही.

'के'वाला रॅकेटबॉल (racketball) ब्रिटिश. १९७६ मध्ये इयन राइट यांनी तो स्क्वॉशच्याच कोर्टावर खेळायला आणला. चेंडू स्क्वॉशपेक्षा मोठा, पण अमेरिकी चेंडूइतका उसळत नाही. नावांची गल्लत होतेच म्हणून २०१६ मध्ये त्याचं 'स्क्वॉश ५७' असं बारसं झालं. ५७ म्हणजे मिलिमीटरमध्ये चेंडूचा व्यास. गंमत म्हणजे अमेरिकी चेंडूचा व्यासही तेवढाच!

आता स्क्वॉशशी फरक. स्क्वॉशमध्ये समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर चेंडू लागला की गुण गेला. छतालाही लागून चालत नाही. अमेरिकी रॅकेटबॉलमध्ये ती पट्टीच नाही आणि छतही खेळात धरतात. म्हणून तिथला सगळ्यात मानाचा फटका समोरच्या भिंतीच्या अगदी बुडाशी बसतो. चेंडू उसळतच नाही, नुसता जमिनीवरून घरंगळत परत येतो. इंग्रजीत त्याला 'रोलआउट' म्हणतात.

खेळाच्या नावाला प्रतिशब्द शोधू नये. 'भिंतचेंडू' वगैरे कोणी म्हणणार नाही. 'रोलआउट'ला मात्र आपल्याकडे गल्लीक्रिकेटमधला तयार शब्द आहे: सरपटी. भाच्याला वापरून पाहायला सांगा.