माहीत असूनही हातमोजे खुंटीलाच का?

प्रश्न : कपाशीवर फवारणी करणाऱ्या आमच्या गड्यांना औषध विषारी असल्याचं पक्कं ठाऊक आहे. हातमोजे, मास्क आणून दिले, तरी खुंटीलाच. समजावायचं तरी कसं?
– एक शेतकरी, मानवत, जि. परभणी

उत्तर : समजावणं आता पुरे. आइसेक एजेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलं, की कृतीमागे तीन गोष्टी असतात : त्या कृतीबद्दलचं मत, आसपासच्यांची अपेक्षा आणि 'हे मला जमेल' हा भरवसा. तुमचं घोडं बहुधा शेवटच्या दोन्हींत अडलंय.

'सुरक्षितता महत्त्वाची का?' असं विचारलं तर सगळेच हो म्हणतील. 'उद्या पंप भरताना मोजे घालणार का?' असं विचारा. मग खरं बाहेर येतं : घाम येतो, झाकण फिरवताना पकड सुटते, बाकीचे हसतात. फवारणी ऊन चढण्याआधी उरका. हाताच्या मापाचे नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) मोजे घ्या. कापडी मुळीच नकोत, ते औषध शोषून कातडीला लावून ठेवतात. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की तेच करतो. हसणं थांबवायला आधी तुम्ही आणि सगळ्यांत जुन्या गड्याने मोजे घाला.

सुरुवातीला एकच क्षण धरा : बाटलीतून माप घेताना. तिथे औषधात पाणी नसतं, म्हणून धोका सर्वाधिक. मोजे पंपाच्या पट्ट्यालाच अडकवा आणि काढण्याआधी हातातच साबणाने धुवा.