आईला फ्लू झालाय, ताप जास्त नाही, शुगर आहे, ऍडमिट करावं लागेल का?

तुमची आई ७१ वर्षांची, शुगर आहे, फ्लूची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय आणि ताप १०० च्या पुढे जात नाहीये, म्हणून थांबून बघू का असं तुम्ही विचारलंय. मी मेडिकल वॉर्डात नर्स आहे, माझं सरळ म्हणणं आहे की थांबू नका, आजच डॉक्टरांशी बोला.

तापाच्या आकड्यावर जाऊ नका. म्हातारपणी बऱ्याचदा आजार मोठा असूनही ताप फारसा चढत नाही, आमच्याकडे कितीतरी आजी-आजोबा येतात ज्यांना ताप नावालाच असतो पण दोन दिवसांपासून जेवलेले नसतात, असंबद्ध बोलत असतात, बाथरूमला जाताना पडलेले असतात, आणि एक्सरे काढला की न्यूमोनिया निघतो. घरचे म्हणतात वयामुळे होत असेल.

ऍडमिट व्हायची वेळ जास्त करून ६५ च्या पुढच्यांवर, २ वर्षांखालच्या बाळांवर आणि गरोदर बायकांवर येते (बाळंतपणानंतरचे दोन आठवडेसुद्धा धरा). शिवाय हार्ट, किडनी, दमा, शुगर, खूप जास्त वजन, केमो किंवा स्टेरॉइड चालू असणं. ह्यातलं एकच असेल तर एक गोष्ट, पण दोन-तीन एकत्र आले की धोका वाढत जातो, आणि तुमच्या आईचं वय आणि शुगर दोन्ही आहे म्हणून मला काळजी वाटतेय. हार्टचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण बरंच वाढलेलं दिसतं.

आजच का, तर फ्लूवरची ऑसेल्टामिविर गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत चालू केली तर जास्त उपयोग होतो. उशीर झाला असेल तरी अशा पेशंटला डॉक्टर देतात, पण मनाने आणून देऊ नका, किडनी बघून डोस ठरतो.

ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम करून, नेलपेंट काढून, आकडा स्थिर झाल्यावरच वाचा. ९४ च्या खाली येत असेल, बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, लघवी कमी झाली किंवा बरं वाटायला लागून पुन्हा जोरात ताप आला तर फोनाफोनी न करता थेट हॉस्पिटल गाठा.

आणि जेवण कमी झालं असेल तर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन तेवढंच द्यायचं का हे आजच्या फोनमध्येच विचारून घ्या, शुगर एकदम खाली गेली तरी माणूस असाच गोंधळल्यासारखा वागतो.