घर घेण्याआधी स्कूल डिस्ट्रिक्टचं मिशन आणि लाँग टर्म गोल्स वाचून काही कळतं का?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात दोन स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या) हद्दीवर घर बघताय, दोघांचं मिशन आणि पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन वाचलात, तर त्यावरून कुठलं चांगलं ते ठरवता येईल का. नाही येणार. मिशन सगळीकडे एकच असतं, प्रत्येक मूल, सर्वांगीण विकास, एकविसावं शतक वगैरे. नाव झाकलं तर कुठलं कोणाचं ते त्यांच्या बोर्ड मेंबरलाही ओळखता येणार नाही.

वाचायचं तर एलकॅप वाचा, म्हणजे डिस्ट्रिक्टचा गोल्स आणि खर्चाचा प्लॅन (LCAP). 2013 मध्ये फंडिंगची पद्धत बदलली तेव्हापासून प्रत्येक डिस्ट्रिक्टला तो करावाच लागतो, तीन वर्षांचा असतो, दरवर्षी अपडेट होतो आणि 1 जुलैच्या आत बोर्डाने मंजूर करायचा असतो. त्यात प्रत्येक गोलच्या खाली ते मोजणार कसं आणि पैसे किती टाकणार हे लिहिलेलं असतं. तेवढी दोन टेबलं बघा, बाकीची शंभर पानं सोडून द्या.

हे मला कसं कळलं ते सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचून जुनी जखम निघाली.

मुलाला किंडरगार्टनमध्ये घातलं तेव्हा होम लँग्वेज सर्व्हे भरायचा होता. चार प्रश्न. मूल पहिल्यांदा कुठल्या भाषेत बोललं, घरी जास्त काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी काय बोलता, घरातली मोठी माणसं काय बोलतात. मी चारही ठिकाणी मराठी लिहिलं कारण तेच खरं होतं. आमचे मोठे दीर इथे आमच्या आधीपासून आहेत, त्यांनी फोनवर बजावलं होतं की चारही ठिकाणी इंग्लिश लिही, प्रश्नच मिटेल. मी ऐकलं नाही. मग तीस दिवसांच्या आत एलपॅकची परीक्षा झाली, फॉर्मवर दुसरी भाषा लिहिली की मुलाला इंग्लिश किती येतं ते तपासतात ती (एलकॅप वेगळं, एलपॅक वेगळं, ही नावं ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला). आमचं ध्यान अनोळखी बाईंसमोर तोंडातून शब्द काढेना, घरी इंग्लिश कार्टूनचे डायलॉग घडाघडा म्हणणारा मुलगा. झालं, इंग्लिश लर्नर असा शिक्का बसला आणि रोज अर्धा तास वेगळ्या टेबलावर बसायला लागला. भाऊजी म्हणाले, सांगितलं होतं ना, आता हायस्कूलपर्यंत चिकटेल. नवऱ्यानेही त्यांचीच री ओढली. ते मला अजून लागतं.

मग मी इरेला पेटून इंग्लिश लर्नर पालकांच्या कमिटीत गेले. शाळेत अशी एकवीस मुलं असली की कमिटी लागतेच, आणि डिस्ट्रिक्टमध्ये एक्कावन्न झाली की डिस्ट्रिक्टचीही. मीटिंगच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठ्ठं मिशन लावलेलं, प्रत्येक मुलाची भाषा ही आमची संपत्ती. छान. मी एलकॅपमध्ये त्या गोलचं टेबल उघडलं तर मोजमाप एकच, किती मुलं इंग्लिश लर्नरच्या यादीतून बाहेर पडली. म्हणजे संपत्ती मराठीची, व्हिएतनामीची, स्पॅनिशची, आणि मोजायचं फक्त इंग्लिश! राज्याचं म्हणणं आहे की 2040 पर्यंत चारातली तीन मुलं दोन भाषांत प्रवीण हवीत, आणि ह्यांच्या तीन वर्षांच्या प्लॅनमध्ये दुसऱ्या भाषेचा एक आकडा नाही. मी विचारलं तर मीटिंग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, गुड पॉइंट. बास.

तोंडी बोललेलं हवेत जातं हे तेव्हा कळलं. डिस्ट्रिक्टच्या कमिटीकडून एलकॅपवर लेखी कॉमेंट गेली तर सुपरिंटेंडंटना लेखी उत्तर द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. आम्ही पाच बायकांनी मिळून अर्ध्या पानाची कॉमेंट दिली. उत्तर आलं तीन ओळींचं, विचार करू छापाचं. पण पुढच्या वर्षी टेबलात एक ओळ वाढली, सील ऑफ बायलिटरसी (दोन भाषांत प्रवीण असल्याचा डिप्लोमावरचा शिक्का) किती मुलांना मिळालं ती. एक ओळ, पण मी तिचा स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवला.

मुलाचा शिक्का थर्ड ग्रेडमध्ये निघाला. त्या टेबलावरची टीचर खरं तर उत्तम होती, त्याचं वाचन तिनेच सुधारलं, हे मी त्या वेळी रागात कधी कबूल केलं नाही. आणि ही मदत कोणी उपकार म्हणून देत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या घरच्यांनी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन 1974 मध्ये मिळवलेला हक्क आहे तो. शिवाय इंग्लिश लर्नर मुलामागे डिस्ट्रिक्टला वीस टक्के जास्त फंडिंग मिळतं. त्यामुळे फॉर्मवर खोटं लिहा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मग ते घरचे का असेनात.

तुमच्या घराचं म्हणाल तर दोन्ही एलकॅपमध्ये तुमच्या मुलाशी संबंधित एक गोल शोधा, मागच्या वर्षीचा ठरवलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी ठेवा. जे डिस्ट्रिक्ट जमलं नाही असं सरळ लिहितं ते मला बरं वाटतं. जूनमधल्या एका बोर्ड मीटिंगला जाऊन बसा, आधी सुनावणी होते आणि मंजुरी नंतरच्या वेगळ्या मीटिंगमध्ये, म्हणजे दोन संधी मिळतात. हां, हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं, टेक्सास-न्यू जर्सीवाल्यांनी कॉमेंटमध्ये भांडू नये. आणि घर शेवटी बजेट आणि कम्यूट बघूनच घेतलं जातं, आम्हीही तसंच घेतलं.

गेल्या महिन्यात भाऊजींचा फोन आला होता. त्यांची मुलगी इलेव्हन्थला आहे, तिला डिप्लोमावर ते सील हवंय. मराठीची एपी (हायस्कूलमध्येच देतात ती कॉलेजच्या पातळीची) परीक्षा नसते, तर मग चाचणी कोण घेतं, तुला माहीत असेल ना, असं विचारत होते. मी कोऑर्डिनेटरचा ईमेल दिला. फॉर्मचा विषय मी काढला नाही, नवऱ्याने काढला.