तारीख घातलीस का?

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू-मध, पाठोपाठ ॲपल सायडर व्हिनेगर, मग जिऱ्याचं पाणी, संध्याकाळी गुळवेलीचा रस, शिफ्टला निघताना अश्वगंधाची कॅप्सूल, केसांसाठी बायोटिनची गमी आणि झोपताना हळदीचं दूध. रात्रपाळीमुळे तुझं 'झोपताना' म्हणजे सकाळी आठ, हेही प्रामाणिकपणे लिहिलंयस. आणि खाली प्रश्न: दम लागतो, थकवा येतो, केस गळतात, ॲसिडिटी आहेच, आई म्हणते काढा वाढव, मैत्रीण म्हणते सगळं बंद कर, तर काका, नैसर्गिक उपायांवर विश्वास ठेवू की नको?

विश्वासाचं मला विचारू नकोस, ते ठाण्याच्या कोपिनेश्वराला विचार. नौपाड्यात औषधाच्या काउंटरमागे आयुष्य गेलेला माणूस मी. मला एवढंच विचारता येतं की यातलं काय कधी सुरू केलंस आणि कधी थांबवणार आहेस? सात गोष्टींची यादी, आणि तारीख एकही नाही.

मी घरगुती उपायांच्या विरोधात आहे असा तुझ्या आईचा जुना समज आहे. आमच्या घरी येऊन बघ म्हणावं. पोटात वायू धरला की ओवा आणि सैंधव, घसा धरला की मिठाच्या गुळण्या, पावसाळ्यात गवती चहा आणि आलं. पोट साफ नसेल तर इसबगोल, तेही भरपूर पाण्याबरोबर, कारण कोरडं गिळलं तर घशातच फुगतं. सगळं चालतं. पण सुरू केलं की कालनिर्णयवर त्या तारखेला खूण, आणि पुढे एक दुसरी खूण: इथपर्यंत फरक पडला नाही तर डॉक्टर. दुधाचा हिशेब लिहितोच ना आपण तिथे? त्याच्या शेजारी लिहायचं.

ही माझी विक्षिप्त सवय नाही. खोकल्याला सरकारनेच तारीख घातली आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करायची, आणि ती सरकारी केंद्रात फुकट होते. अडुळसा घे, ज्येष्ठमध चघळ (रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध नको, तो दाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो), पण पंधराव्या दिवशी तपासणी म्हणजे तपासणी. "थोडा कमी वाटतोय" हे उत्तर मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं तरी माझं डोकं फिरतं.

तुला वाटेल, काकांना ॲलोपथीच खरी वाटते. मग परळच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील ऐक. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी मुळी. त्यांनी ती रक्तदाबाच्या 50 रुग्णांना दिली, दाब मोजला, नोंदला, आणि 1949 साली ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आणलं. जगाने दखल घेतली. पुढे त्याच मुळीतून दाब उतरवणारं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं, त्याच्या गोळ्या आल्या, आणि त्या घेणाऱ्यांना उदासी येते, नाक चोंदतं, हेही लक्षात आलं. मुळीत गुण होता म्हणून तर अवगुणही होता. मोजणारा माणूस भेटला म्हणून दोन्ही कळलं. तुझ्या गुळवेलीला आणि अश्वगंधाला मोजणारं कोण आहे? तू तरी मोज!

गुळवेलीचं सांगतोच. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण सापडले. सगळे गुळवेल घेणारे. ते 2021 मध्ये प्रसिद्ध झालं आणि आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पतीची ओळख पक्की केलेली नाही, दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते. त्यांचा वाद त्यांच्यापाशी. मला त्या वर्षी काउंटरवर जे दिसलं ते असं की गुळवेल मागणाऱ्याला "किती दिवस घेणार?" विचारलं तर तो माझ्याकडेच चमत्कारिक नजरेने बघायचा. जणू श्वास किती दिवस घेणार असं विचारलं.

तारखेचा हट्ट मला महागात पडलेला आहे. आमच्याच इमारतीतले एक शेजारी. रोज सकाळी तलावपाळीला आम्ही दोघं फेऱ्या मारायचो. त्यांना मधुमेह. कुणीतरी सांगितलं म्हणून जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याचा रस सुरू केला, आणि गोळ्या परस्पर बंद. मी म्हटलं, पूड खुशाल घ्या, पण गोळीही घ्या, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसीची तारीख आजच ठरवा. ते म्हणायचे, शरीराला वेळ द्यावा लागतो. हे वर्षभर. शेवटी एकदा त्यांच्या घरी, सुनेदेखत, माझा आवाज चढला. बोलणं तुटलं. पुढे पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं गेली. सोसायटीत अजून म्हणतात, मी चारचौघांत बोलायला नको होतं. असेल! पण एकट्याला गाठून वर्षभर सांगतच होतो की. ऐकू कुठे आलं? खंत आहे ती वेगळीच. मी त्यांच्याकडे तारीख मागत राहिलो. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहून आलो नाही. म्हणून तुझ्या मागे लागणार आहे. आवडो न आवडो.

आता तुझं. दम, थकवा आणि केस गळणं एकत्र लिहिलंस आणि तपासणीचा उल्लेख नाही, हे वाचून खरं सांगतो, चिडलो. बाईमाणसात ही तीन लक्षणं एकत्र दिसली की आधी हिमोग्लोबिन बघतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! तुझ्या ऑफिसातल्या तुमच्या रांगेकडे बघ आणि मोज. स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे कमी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी12 आणि थायरॉइडची टीएसएच, एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घे. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही त्यांना सांग. मला सांगायला लाजलीस तरी हरकत नाही.

आणि ती बायोटिनची गमी निदान तीन दिवस आधी बंद. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त घेणाऱ्यालाही सांग की मी हे घेत होते. अश्वगंधानेही थायरॉइडचे आकडे हलतात, तीही आजपासून बंद. लोकांना वाटतं नैसर्गिक म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, आणि डॉक्टरांनी "कुठली औषधं चालू आहेत?" विचारलं की सात गोष्टी पोटात घेऊन बसलेला माणूस "काहीच नाही" म्हणतो.

तुझ्या घरातच लोहाची सोय आहे. हळिवाचे लाडू ही आपल्या आज्यांची चीज, बाळंतिणीपुरती ठेवायचं काही कारण नाही. कांदेपोह्यांवर लिंबू पिळायची पद्धतही उत्तम, लिंबाने लोह चांगलं शोषलं जातं. आणि त्या पोह्यांवर लगेच कपभर चहा घेतलास की केलेल्या कामावर पाणी. चहा आणि जेवण यांत तासभर अंतर ठेव. फुकटचा उपाय आहे, म्हणून कुणी त्याची रील करत नाही. मात्र आठचं हिमोग्लोबिन लाडवांनी बारावर जाणार नाही, हेही आईला वाचून दाखव.

व्हिनेगर तर आजच टाक. पोटात आम्ल म्हणून रडायचं आणि वरून आम्लच ओतायचं, वर दातांचं एनॅमल झिजतं ते वेगळं. लिंबू-मध, जिऱ्याचं पाणी, हळदीचं दूध आवडतं तर पी. मी त्याला औषध म्हणत नाही, तूही म्हणू नकोस.

तुझी ॲसिडिटी यादीत नाहीच, ती तुझ्या घड्याळात आहे. रात्री तीनला कॅन्टीनमध्ये तळलेलं, आठला ऐरोलीच्या खोलीवर येऊन पोटभर नाश्ता, आणि सव्वाआठला आडवी. मोठं जेवण शिफ्टच्या आधी घरी कर. मध्ये मुगाची खिचडी, ताक, केळं असं काहीतरी हलकं. शेवटचं खाणं आणि आडवं होणं यांत दोन-तीन तास राहू देत. चहा-कॉफीचा शेवटचा कप रात्री दोनच्या आत, कारण पाच-सहा तासांनंतरही त्यातलं जवळजवळ निम्मं कॅफिन अंगात असतं. खिडकीला जाड पडदा लाव. हे दोन आठवडे कर, आणि आत्ता, वाचता वाचता, फोनमध्ये तारीख घाल. तोवर जळजळ गेली नाही तर डॉक्टर. मधल्या काळात घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. आणि पॅन्टोप्राझोलची, म्हणजे ॲसिडिटीच्या गोळ्यांची, पट्टी दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने खायची नाही, त्याने बी12 उतरतं. ती पट्टी मागणाऱ्यांना मी चिठ्ठी विचारायचो आणि ते पुढच्या दुकानात जायचे. गिऱ्हाईक गेलं त्याचं वाईट नाही वाटलं. पुढच्या दुकानाने दिली, त्याचं वाटतं.

रक्त येत्या सुट्टीच्या दिवशी दे. रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखव, मग मला. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहा-दुधाबरोबर घेऊ नकोस. त्या गोळ्यांनी शौचाचा रंग गडद होतो. वर काळ्याचं लिहिलंय ते वाचून घाबरून बंद करशील म्हणून आधीच सांगतो, हे नेहमीचं आहे. पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं वाटलं तर डॉक्टरांना फोन कर. आणि आकडा वर आला, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस. हिमोग्लोबिन भरल्यावरही शरीरातला साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात. त्या कधी थांबवायच्या ती तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घे.

तुझा काका